बोटींचा शीण

जगाच्या पाठीवर मालवाहू बोटी किती फिरत असतील ते त्या कंपन्यांनाच ठाऊक, पण त्या सगळ्यांचा शीण मात्र कोल्हापुरातल्या एकाच माणसाला होत असे, आणि तो माणूस म्हणजे माझे मामेसासरे. बोट मुंबईहून सुटली की यांचे गुडघे दुखायला लागायचे. मोंबासाला धक्का रिकामा नाही म्हणून ती चार दिवस बंदराबाहेर उभी राहिली, की यांना चार दिवस धड जेवण जात नसे. संध्याकाळी सायकलवरून घरी आले, की टोपी खुंटीला अडकवायच्याही आधी दारातूनच मामींना सांगायचे, "दमलो बगा. लागली एकदाची धक्क्याला." मामींनी उभ्या आयुष्यात बोट पाहिली नव्हती, पण नवऱ्याबरोबर राहून राहून त्याही दमलेल्याच असायच्या. त्या म्हणायच्या, "मग आता पाय धुवा."

गंमत अशी, की बोट मामांनीही पाहिली नव्हती. उद्यमनगरात शेतीचं पाणी उपसायच्या पंपांचा एक कारखाना होता, तिथे ते माल पाठवायच्या खात्यात होते. पंप पूर्व आफ्रिकेत जायचे. मुंबईच्या गोदीतलं सगळं काम मालकांनी नेमलेला एजंट बघायचा. मामांनी फक्त खोकी भरायची, ट्रकवर चढवायची आणि बोटीचे कागद तयार करायचे. मुंबईला जाण्याचा प्रश्नच नव्हता, कारण मामांना गाडी लागायची. अशी तशी नव्हे. एस.टी. स्टँडवरून सायकलने जातानासुद्धा ते खिशातलं लिंबू काढून हुंगत. बहिणीच्या घरचं कार्य कोडोलीला होतं, तर पहाटे उठून सायकल मारत गेले आणि तिथे पोचून दिवसभर झोपले. या माणसाच्या हातून निघालेला माल हिंदी महासागर ओलांडत होता, आणि तो स्वतः कळंब्याच्या पलीकडे गाडीने जायचं म्हटलं की घाम पुसत होता.

मला त्या कारखान्यात त्यांनीच आणलं. माझं माहेर गडहिंग्लजचं. लग्नाआधी टायपिंगची परीक्षा झाली होती. ते कळल्यावर मामांनी चौथ्या दिवशी मला मालकांपुढे उभं केलं. "ही आमची सुनबाई. बोटं लई चालत्यात," एवढीच माझी शिफारस. घरी सुनबाई म्हणायचे, तेच ते ऑफिसातही म्हणायला लागले, आणि बघता बघता मालकांपासून गेटवरच्या वॉचमनपर्यंत सगळा कारखाना मला सुनबाई म्हणू लागला. पन्नास माणसांची सून होणं म्हणजे काय ते मला विचारा. एखादं पत्र उशिरा टाइप झालं तरी पाण्याचा तांब्या उशिरा दिल्यासारखं वाटायचं.

मुंबईचं इंग्रजी वर्तमानपत्र कारखान्यात दुपारच्या सुमाराला यायचं. मामा ते उलटं उघडत. पहिलं पान त्यांच्या लेखी नव्हतंच. आत कुठेतरी मुंगीएवढ्या अक्षरांत कोणती बोट लागली, कोणती सुटली, कोणती येणार याची यादी असायची; तिथे बोट ठेवून ते पुटपुटत वाचत, आणि मग दोन्ही हातांनी डोळे चोळत. माझे यजमान सांगतात, एकाहत्तरच्या लढाईत सगळी गल्ली रेडिओला कान लावून बसली होती. कुणी विमानं मोजत होतं, कुणी रणगाडे. मामा भिंतीला टेकून बसले होते. बातम्या संपल्यावर सुस्कारा टाकून म्हणाले, "आपली चौदा खोकी गोदीत हायत." गल्लीत पुष्कळ दिवस लोक एकमेकांना भेटले की "चौदा खोकी पोचली का?" असं विचारायचे. मामांना ती चौकशी खरीच वाटायची. ते थांबून सविस्तर सांगायचे.

बोटींबद्दल बोलताना ते घरातल्या लेकीबाळींबद्दल बोलावं तसं बोलत. एकदा एका लग्नात जुन्या ओळखीच्या गृहस्थांनी विचारलं, "काय, सगळं क्षेमकुशल?" मामा म्हणाले, "बाकी बरं हाय. पर ती धाकटी कोचीनला अडकलीया. पोटात बिघाड झालाय म्हणं. आता तिथनं हालल तवा खरं." गृहस्थ कळवळले. मामांना दोन मुलगेच आहेत हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी कोचीनला ओळखीचे एक डॉक्टर असल्याचं सांगितलं, पत्ता लिहून दिला, आणि पानसुपारी होईपर्यंत मामांच्या शेजारी गंभीर चेहऱ्याने बसून राहिले. जुलैत वारं सुटलं की मामा छत्री घेऊन रंकाळ्यावर जात. लोक तिथे भेळ खायला जातात. हे लाटा बघायला. रंकाळ्याच्या पायरीवर पाणी किती उडतं त्यावरून अरबी समुद्राचा अंदाज बांधून ते परत येत, आणि दुसऱ्या दिवशी मला सांगत, "सुनबाई, मोंबासाच्या शेटला एक पत्र टाक. म्हणावं, आठवडा उशीर हुईल." खरं सांगायचं तर तेवढाच उशीर व्हायचा. पण तो पावसाळ्यात नेहमीच व्हायचा.

खोकी भरणं हे त्यांचं खरं काम. लाकडी खोकं, आत पेंढ्याची गादी, गादीवर पंप, पुन्हा पेंढा. झाकण ठोकण्याआधी ते प्रत्येक खोक्यात चिमूटभर अंबाबाईचा अंगारा टाकायचे. वरची अक्षरं पत्र्याच्या साच्यातून स्वतः काळ्या रंगाने रंगवायचे, आणि रंग वाळेपर्यंत माश्या बसू नयेत म्हणून पुठ्ठ्याने वारा घालत उभे राहायचे. "ही अक्षरं वाचायला कोण इंग्रज येणार आहे?" असं मी एकदा चिडून म्हटलं. कागद टाइप करून माझी मान धरली होती आणि यांचं रंगकाम संपत नव्हतं. मामा शांतपणे म्हणाले, "अगं, तिकडं कोन वळखीचं हाय त्येचं? नाव-गाव तरी नीट पायजे की."

ऐंशी साल उलटल्यावर एक दिवस मालकांनी सांगितलं, आता खोकी बंद. मोंबासाच्या व्यापाऱ्याने मोठी मागणी केली होती, आणि बोटीच्या कंपनीने कळवलं होतं की माल कंटेनरमधून पाठवा. रिकामा कंटेनर मुंबईहून येणार, इथेच भरायचा, सील करायचा, आणि तो पेटाराच्या पेटारा बोटीवर चढणार. मामांनी ते ऐकून घेतलं आणि फक्त विचारलं, "मग अंगारा कुठं टाकायचा?"

कंटेनर आला त्या दिवशी उद्यमनगरातलं काम जवळजवळ बंदच पडलं. ट्रेलर आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन अडकला. एका बाजूला कडुलिंबाची फांदी, दुसऱ्या बाजूला शेजारच्या वर्कशॉपची भिंत. ड्रायव्हर उत्तरेकडचा होता. त्याला चाळीस कोल्हापूरकर एकाच वेळी मोठमोठ्याने दिशा सांगत होते. "पावणं, उजवीकडं घ्या की!" "न्हाय, न्हाय, डावीकडं!" शेवटी त्याने इंजिन बंद करून बिडी पेटवली. मामा पुढे झाले, त्याला चहा पाजला, फांदी स्वतः उभं राहून करवतीने कापवून घेतली, आणि दोन तासांनी तो लोखंडी डबा आमच्या गेटात शिरला. त्याची दारं उघडली. मामा चपला काढून आत गेले. पार शेवटपर्यंत चालत गेले, परत आले, पुन्हा गेले. आतून त्यांचा आवाज घुमत आला, "सुनबाई, आमच्या घरापरास मोठं हाय की गं हे!"

त्या दिवशी मी मात्र उभ्या उभ्या झोपत होते. घरी माझ्या धाकट्या मुलीला गोवर आला होता. तीन रात्री डोळ्याला डोळा नव्हता. सासूबाई तिच्याजवळ होत्या म्हणून मी येऊ शकले, पण चित्त घरीच होतं. माल भरून झाला तसे मामा मला म्हणाले, "तू जा घरी. कागद उद्या करू." पण ट्रेलर त्याच दिवशी निघायचा होता आणि कागद त्याच्याबरोबर जायला हवे होते; मामांना तर टाइप करता येत नव्हतं. मी बसले. पंपांची संख्या, वजन, सीलचा नंबर, चार अक्षरं आणि सात आकडे असलेला कंटेनरचा नंबर. मामा तिकडे दारावर नारळ फोडत होते. कागद त्यांच्याकडे नेला, तेव्हा त्यांच्या हाताला नारळाचं पाणी लागलेलं होतं. त्यांनी हात धोतराला पुसला आणि एरवी प्रत्येक ओळीवर बोट ठेवून वाचणाऱ्या माणसाने त्या दिवशी न वाचताच सही केली. ट्रेलर गेला. मी घरी पळाले.

धाकटी बरी झाली. कंटेनर मात्र हरवला.

आधी महिनाभर कुणाला शंका आली नाही. मग मोंबासाहून तार आली: माल आला नाही. मुंबईचा एजंट म्हणाला, बोटीवर चढला. बोटीची कंपनी म्हणाली, कोलंबोला तो दुसऱ्या बोटीवर चढायचा होता. चौकशी चालू आहे. चौकशी चालूच राहिली. मामांनी कागदावरचा नंबर घालून कंपनीला पत्रांवर पत्रं लिहिली. त्यांचं इंग्रजी म्हणजे अर्जाचं इंग्रजी. "आमचा कंटेनर जेथे असेल तेथे सुखरूप असो, परंतु तो कोठे आहे हे कळण्याची विनंती आहे," असा त्या सगळ्यांचा मथितार्थ असे. उत्तरं छापील यायची. तिकडे पेरणीचे दिवस जवळ येत होते. मोंबासाचा व्यापारी आता मालकांशी नीट बोलत नव्हता, मालक मामांशी बोलत नव्हते, आणि मामा घरी मामींशी बोलत नव्हते. ते वाळत चालले. वर्तमानपत्र तसंच घडी न मोडता पडून राहायचं. "एवढा मोठा डबा," ते म्हणायचे, "आन् कुणालाच दिसंना?"

त्याच दिवाळीत मामांची नोकरी संपत होती. मालकांनी पूर्वी आणखी दोन वर्षं ठेवून घेण्याचा शब्द दिला होता. त्या दोन वर्षांवर मामांचा जीव होता. घरी बसून काय करायचं ते त्यांना खरोखरच सुचत नव्हतं. पाचवा महिना लागला तशी मालकांनी त्यांना बोलावलं आणि सांगितलं, मुंबईला जा, कंपनीत बसून राहा, पत्ता लावूनच या. कागद सुनबाईंनी केलेत, त्यांनाही न्या. यजमानांना रजा नव्हती, पण मामांबरोबर जायचं म्हटल्यावर कुणी हरकत घेतली नाही.

त्या रेल्वे प्रवासाचं वर्णन मी करत नाही. मिरज यायच्या आत मामांची दोन लिंबं संपली होती. साताऱ्याला त्यांनी डब्यातल्या एका अनोळखी बाईंच्या मांडीवर डोकं ठेवलं, त्या बाईंनी बिचारीने ते ठेवू दिलं. परळला माझ्या चुलत बहिणीकडे पोचलो तेव्हा ते तिला म्हणाले, "पोरी, ह्यापरास बोट बरी असंल."

कंपनीच्या ऑफिसात इतकं गार होतं, की मामांनी उपरणं कानाला गुंडाळलं. टाय लावलेला एक तरुण अधिकारी आमच्यापुढे बसला. मराठीच होता, बोलायला गोड. मामांनी बोटीचं नाव, ती सुटली तो वार, त्या दिवशीचं हवामान, सगळं सांगायला सुरुवात केली. तो हसून म्हणाला, "काका, नाव राहू द्या. एकेका बोटीवर शेकड्यांनी डबे असतात. आम्हाला फक्त नंबर लागतो." मी टाइप केलेला कागद त्याने समोर ठेवला होता. मामांनी खिशातून आपली वही काढली. कंटेनर गेटात आला, त्या दिवशी त्यांनी त्याचा नंबर पेन्सिलने उतरवून घेतला होता, साच्यातून काढल्यासारखा सुबक. त्यांनी वही कागदाशेजारी ठेवली.

मला ते त्यांच्या आधी दिसलं. वहीत शेवटी अडुसष्ट होते. कागदावर शहाऐंशी.

मामांनी एकदा वहीकडे पाहिलं, एकदा कागदाकडे. मग माझ्याकडे न बघता वही मिटली आणि म्हणाले, "साहेब, माझ्याच हातनं चुकलंय. आकडं उलटं पडल्यात. खरा नंबर ह्यो बगा."

अधिकाऱ्याने कोलंबोला टेलेक्स केला. दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तर उत्तर येऊन पडलं होतं. कंटेनर तिथल्या बंदरात एका कडेला उभा होता. कुठल्याच यादीत त्याचा नंबर नसल्यामुळे त्याला कुणी हात लावला नव्हता. पुढच्या बोटीने तो निघेल. "पाच महिने?" मामा म्हणाले. "एकटाच?" अधिकाऱ्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने एजंटच्या माणसाला सांगून आमच्यासाठी गोदीचा पास काढला. म्हणाला, "काकांना बोट तरी दाखवा."

अशी मामांनी साठीला टेकताना बोट पाहिली. आधी ती बोट आहे हेच आम्हाला कळलं नाही. आम्हाला वाटलं रस्ता संपून भिंत लागली. मामांनी मान वर केली, आणखी वर केली, टोपी पडायला आली तशी हाताने धरली. वरती डब्यांवर डबे. क्रेन एकेक डबा असा उचलत होती, जशा मुलांनी काड्यापेट्या उचलाव्यात. "मान्सं कुठं हायत?" त्यांनी विचारलं. एजंटचा माणूस म्हणाला, सगळी मिळून पंचवीस-तीस असतील. सकाळी आली, संध्याकाळी जाईल. "मंजे कोन उतरत बी न्हाय? मुंबई बघत बी न्हाय?" "वेळ कुठंय, काका." मामा पुढे झाले आणि बोटीच्या मांडीएवढ्या जाड दोराला हात लावून तो हात त्यांनी छातीशी नेला. लांबून कुणीतरी ओरडलं, तसे मागे सरकले. मग म्हणाले, "चल सुनबाई. हिला काय आपली वळख असनार?"

परतीच्या गाडीत मी म्हटलं, "मामा, मी मालकांना खरं सांगते."

"काय सांगनार?"

"चूक माझी आहे म्हणून."

"टाइप कुनीबी करू दे, सही माजी हाय," ते म्हणाले. त्यांचे डोळे मिटलेले होते, लिंबू नाकाशी होतं. "त्या दिवशी मी वाचलं असतं तर? नारळ फोडत बसलो न्हवं का. आन् माजी नोकरी आता संपलीच की. तुजी चालू हाय. पोरी लहान हायत. गप बस."

मी गप्प बसले. घरात माझा पगार लागत होता हे खरं; पण मी गप्प बसले ते भीतीने आणि थकव्याने, हेही तितकंच खरं. मामांनी मालकांपुढे उभं राहून चूक आपली म्हणून सांगितलं. मालक ओरडले नाहीत. "एवढ्या वर्षांनी, मामा?" इतकंच म्हणाले. दोन वर्षांची गोष्ट पुन्हा निघाली नाही. दिवाळीआधी शाल-श्रीफळ झालं. मामा सायकलवर शाल घेऊन घरी गेले आणि मामींना म्हणाले, "दमलो बगा." त्या दिवशी मामींनी पाय धुवायला सांगितलं नाही, नुसतं पाणी आणून दिलं.

पंप पोचले, चांगले निघाले, व्यापाऱ्याने पुढची मागणीही पाठवली. माल पाठवायचं खातं हळूहळू माझ्याच गळ्यात पडलं. दर महिन्याला कंटेनर येऊ लागले, कुणी बघायला उभं राहीना. मी प्रत्येक आकडा तीनतीनदा वाचायची, आणि तरीही घरी जाऊन जेवताना वाटायचं, चुकला तर नसेल? तीन वर्षं अशी काढल्यावर एक दिवस मला ते सोसेना. मी मालकांच्या खोलीत गेले आणि उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. मालक फोनची वाट बघत होते. त्यांनी ऐकलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि विचारलं, "कुठला कंटेनर?"

मी आठवण करून दिली. "हां, हां," ते म्हणाले, पण त्यांना आठवलेलं नव्हतं. तेवढ्यात फोन वाजला.

त्याच संध्याकाळी मी मामांकडे गेले. ते अंथरुणावरच होते. त्या वर्षी त्यांचं हिंडणं-फिरणं बंद झालं होतं. मामींनी उशीला टेकवून बसवलं, चहा दिला. मी मालकांशी काय बोलले ते सांगितलं, आणि मालकांना काहीच आठवत नाही हेही सांगितलं. मला वाटलं होतं, त्यांना हलकं वाटेल. मामांनी कप खाली ठेवला.

"इसरलं?" ते म्हणाले. "पाच म्हैने डबा हरवला हुता, आन् इसरलं?"

त्यांच्या चेहऱ्यावर इतका खरा अपमान मी कधी पाहिला नव्हता, मालकांपुढे उभे होते तेव्हाही नाही. मग तेच म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तुज्या मागची कटकट गेली, झालं." चहा गार होत होता. बाहेर मामी अंगणात पाणी मारत होत्या. मामा छताकडे बघत राहिले, आणि मला वाटलं आता झोप लागली, तेवढ्यात त्यांनी हाक मारली.

"सुनबाई, येक इचारू? तिकडं कोलंबोला त्यो डबा उन्हात हुता का सावलीत?"

मला काय ठाऊक. टेलेक्समध्ये तसलं काही नसतं.

"सावलीत होता, मामा," मी म्हटलं. "मोठं झाड होतं म्हणे बाजूला."

"व्हय?" ते म्हणाले, आणि कुशीवर वळले. "मग बरं हाय."